एका चाकूवर

रविवार, ५ जानेवारी २०२५

आमच्या डिस्पॅच विभागात येणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याने ही डायरी दिली. मागच्या वर्षीची कोरीच राहिली. लिहावे असे काही घडत नव्हते, आणि घडले तेव्हा हात चालला नाही. यंदा एकाच कामासाठी लिहिणार आहे. मला एक चाकू निवडायचा आहे. एकच. रोज खिशात राहील आणि जंगलातही पुरेल असा. माझी शाळा नववीत सुटली, पण शुद्धलेखनात मला कधी कमी गुण नव्हते. चूक दिसली तर खोडून पुन्हा लिहीन.

चाकू का, ते आधी लिहितो. माझा मोठा भाऊ नागसेन, ज्याला आम्ही अण्णा म्हणतो, गेल्या ३ ऑक्टोबरला पहाटे घरातून निघून गेला. त्याची मोटारसायकल कलघटगीच्या पुढे, जंगल सुरू होते तिथल्या एका हॉटेलामागे मिळाली. किल्ली गाडीलाच होती. मोबाईल घरी उशाला, बंद करून ठेवलेला. कपडे सगळे जागच्या जागी. घरातली एकच वस्तू कमी झाली होती, त्याचा चाकू.

तो चाकू त्याने स्वतः केला होता. तारिहाळच्या ज्या कारखान्यात तो फिटर होता, तिथे पॉवर हॅक्सॉचे, म्हणजे लोखंड कापायच्या यांत्रिक करवतीचे, तुटलेले ब्लेड मिळाले. दोन महिने जेवणाच्या सुट्टीत ते घासत होता. शिसवीची मूठ, पितळेचे तीन रिवेट. घरात कांद्याला तोच, वायर सोलायला तोच, कैरीला तोच. मी धाकटा म्हणून मला तम्मा म्हणायचा. सांगायचा, "एका चाकूवर माणूस कुठंही जगतो, तम्मा. बाकी सगळं ओझं."

मागच्या मार्चमध्ये प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. त्यानंतर तो कामावर गेला नाही. पुढे पुढे बोलायचाही बंद झाला.

तक्रार लिहून घेताना हवालदाराने विचारले, काय काय नेलेय? आमच्या वडिलांनी, अप्पांनी, सांगितले, चाकू तेवढा दिसत नाही. हवालदार लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, "चाकू नेलाय? मग जगायला गेलाय. जीव द्यायला जाणारा रिकाम्या हातानं जातो." अप्पा हे वाक्य घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. मीही रोज सकाळी दात घासताना स्वतःला सांगतो.

उन्हाळ्यात मी त्याला शोधायला जाणार आहे. त्याआधी मला कळायला हवे की एका चाकूवर खरेच जगता येते का, आणि कसल्या.

मंगळवार, ७ जानेवारी

जेवताना घरात सांगितले. अप्पा म्हणाले, "घे. पण नीट बघून घे. तुझ्या अण्णानं बघून केलेला." आईला, अव्वाला, विचारले, अण्णाच्या चाकूचे पाते किती रुंद होते गं, तूच रोज वापरायचीस. ती भाकरी अर्धी टाकून उठली. "मला काय ठाऊक? चाकूचं नाव काढू नको घरात."

आईचे दुःख मला समजायला हवे होते. पुन्हा विचारणार नाही. हल्ली ती सगळे विळीवरच चिरते. कोथिंबीरसुद्धा.

रविवार, १२ जानेवारी

दुर्गदबैलच्या बाजारात गेलो. मुकुंदरावांचे हार्डवेअरचे दुकान तिथे त्यांच्या आजोबांपासून आहे. मिरजेकडून आलेली माणसे. दारातच तारेला तीस-चाळीस चाकू टांगलेले असतात. मी एकेक हातात घेऊन वजन बघत होतो. तासभर गेला असेल.

"काय कापायचंय रे एवढं?" मुकुंदराव म्हणाले.

"सगळं."

"सगळं कापणारा चाकू असता तर मी एवढे कशाला टांगून ठेवले असते?"

मी सांगितले की रोज खिशात ठेवायचा आहे, शिवाय फांदी तोडता आली पाहिजे, मासा साफ करता आला पाहिजे, दोरी कापता आली पाहिजे. मूठ ओल्या हातातून निसटता कामा नये. पाते गंजता कामा नये, आणि गंजले तर नदीतल्या दगडावर घासून धार आली पाहिजे.

"लगीन करून चाललास का वनवासाला?" दुकानातली माणसे हसली. मग मुकुंदरावांनी आतून एक मिटणारा चाकू काढला. माझ्या हातात दिला नाही, गल्ल्यावर ठेवला. "उचल. चाकू हातातनं हातात दिला की भांडण होतंय." अप्पा असते तर त्यांनी इथे पंधरा मिनिटे अंधश्रद्धेवर भाषण केले असते. मी गुपचूप गल्ल्यावरून उचलला.

चाकू चांगला होता. तरी घेतला नाही. बिजागरीत चिखल गेला तर काय करायचे, हे मला मुकुंदरावांना विचारता आले नाही. मागे लोक उभे होते.

रविवार, १९ जानेवारी

मोबाईलवर चाकूंचे व्हिडिओ बघितले. आठवडाभर तेच करतोय. एक माणूस म्हणतो मिटणारा घ्या, दुसरा म्हणतो मिटणारा जंगलात दगा देतो. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, आणि त्यामुळे मला घाम येतो.

एवढे ठरले: पात्याचे लोखंड मुठीच्या टोकापर्यंत गेलेले हवे. म्हणजे पाठीवर दगड मारून लाकूड फोडता येते. अण्णाचा तसाच होता. त्याने हे व्हिडिओ न बघता केले होते.

एक गोष्ट मात्र झोपू देत नाही. हॅक्सॉचे पोलाद कडक असते, पण ठिसूळ. टोकाने काही उचकटले तर टोक तुटते. अण्णाला हे माहीत आहे. तो उचकटणार नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

बहिणीकडे, राणीअक्काकडे, नवनगरला गेलो. अक्काची मुलगी आरुषी साडेचार महिन्यांची झाली. अण्णा गेला तेव्हा ती सतरा दिवसांची होती. अक्का बाळंतपणाला आमच्याकडेच होती, पाळणा आमच्याच घरात टांगलेला. डिसेंबरमध्ये पाळणा आणि त्यातली गादी, दोन्ही नवनगरला गेले.

त्या दिवसांची आठवण निघाली. अप्पा रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून रविवारी विहारात वंदना घेतात आणि अंधश्रद्धेवर बोलतात. आरुषी जन्मली त्या रात्रीच त्यांनी अव्वाला बजावले होते, "पाचवी नाही, तीट नाही, उशाला लोखंड नाही. माझ्या घरात यातलं काही दिसलं तर मी जेवणार नाही." आणि ते खरेच जेवले नसते.

अक्का पाळणा हलवत म्हणाली, "अव्वाची गादी मऊ आहे, पण डोक्याकडं काय तरी टणक लागतंय बघ."

"काय आहे?"

"विचारलं. म्हणते वेखंड घातलंय, सर्दी होत नाही पोरीला. धुवायलाही हात लावू देत नाही मला. पंधरा दिवसांनी एकदा बसनं येते, वरनंवरनं पुसते, उन्हात घालते आणि जाते. मला काय, बरंच आहे की."

अव्वाचा नातीवर फार जीव आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सरावासाठी मुकुंदरावांकडून एक साधा स्टीलचा चाकू घेतला, चामड्याच्या म्यानातला. रोज जवळ ठेवायचा तर आजपासूनच ठेवावा म्हणून खिशात घालून कामाला गेलो. गेटवर सिक्युरिटीने थांबवले. आत चाकू नेता येत नाही. आमच्या टेबलावरचा पट्ट्या कापायचा कटरसुद्धा सुतळीने बांधलेला असतो, हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

गेटसमोर अनुसयाक्कांची चहाची टपरी आहे. त्यांनी चाकू बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवला. "कुणाला भोसकायचं असंल तर सुट्टी झाल्यावर ये, बाबा. आता गिऱ्हाईक आहे."

म्हणजे रोज जवळ ठेवायचा चाकू रोज आठ तास डब्यात राहणार. याची मी आधी कुठेच नोंद केली नव्हती.

रविवार, २ मार्च

आज कलघटगीच्या पुढे गेलो होतो. सविस्तर लिहितो, हात दुखत असला तरी.

ठरवले होते की सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच फक्त चाकूवर राहायचे. बरोबर पाणी, काडेपेटी आणि चाकू. अकरापर्यंत मनगटाएवढ्या दोन फांद्या तोडल्या. तिसरीला तळहाताला फोड आला आणि फुटला. आडोसा उभा केला, तो वाऱ्याशिवाय पडला. ओढ्यात मासे नव्हते, पाणीच टाचभर होते. बांबूचे कोंब बघितले होते व्हिडिओत, ते या दिवसांत नसतात. एक वाजता लाल मुंग्या शर्टात शिरल्या. दोन वाजता मी रस्त्यावर आलो होतो.

माझी दहा बोटे शाबूत आहेत. अण्णाची आठ. पण अण्णाचे हात कामाचे होते आणि माझे पुठ्ठ्याच्या खोक्यांना पट्ट्या बांधणारे आहेत. दोन्हींची तुलना करणे बरोबर नाही.

मग जिथे गाडी मिळाली त्या हॉटेलात गेलो. मालकाचे नाव श्रीनिधी. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. कन्नडमध्येच बोलले.

"चहा प्याला इथं तुझा अण्णा. खिशात दोन पेरू होते. सुरी मागितली माझ्याकडं. मी भजीच्या कांद्याची दिली. एकाच्या चार फोडी केल्या, दोन मला दिल्या. सुरी धुऊन, पुसून परत ठेवली. असं धुऊन कोण देतं? म्हणून लक्षात राहिलं."

"आणि मग?"

"मग मागं गेला. मला वाटलं लघवीला. पोलिसांनी एवढं सगळं विचारलंच नाही. गाडीचा नंबर विचारला."

येताना बसमध्ये मी याच गोष्टीचा विचार करत होतो. ज्याच्या खिशात चाकू आहे तो सुरी का मागेल? उत्तर मिळाले. अण्णाचे पोलाद गंजणारे आहे. फळाचा रस लागू नये, महिनोन्‌महिने टिकावा, म्हणून त्याने तो आधीपासूनच जपायला सुरुवात केली होती. घरी आम्ही त्याने कैऱ्या कापायचो हे खरे, पण घरी लगेच पुसायला फडके असते.

अप्पांना सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली. "बघ. विचार करून गेलाय पोरगा." अव्वा भांडी घासत होती. तिच्या हातून पातेले पडले.

बुधवार, ५ मार्च

पेरूचे उत्तर रात्री बरोबर वाटते आणि सकाळी वाटत नाही.

रविवार, २३ मार्च

ठरले. मुकुंदरावांकडचा नको, मोबाईलवरचा नको. अण्णाचा होता तसाच, त्याच मापाचा करून घ्यायचा. ज्या चाकूवर तो जगतोय त्याच चाकूने मला त्याच्यापर्यंत जाता येईल. हे वाक्य लिहिल्यावर मलाच थोडे वेड्यासारखे वाटले, पण खोडत नाही.

अण्णाबरोबर काम करणारा अक्षय अजून त्याच कारखान्यात आहे. तुटलेले ब्लेड आणि घासायची मजुरी दोन्ही फुकट देतो म्हणाला. "चाकू करून तू काय करणार, प्रशिक? तुला बघूनच कांदा रडतो." मग त्याचा आवाज बदलला. "माप आण. अंदाजानं नाही करणार मी. नागसेननं अंदाजानं केला नव्हता."

माप कुठून आणू?

मंगळवार, २५ मार्च

पुन्हा विचारणार नाही असे लिहिले होते, तरी अव्वाला विचारले. अप्पा विहारात गेले होते. तिने दाराकडे बघितले. मग उठून शिवणाचा डबा काढला आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा दिला. दोऱ्याला तीन गाठी. "पहिल्या गाठीपर्यंत मूठ. दुसरीपर्यंत पातं. तिसरीपर्यंत रुंदी."

मी पट्टी लावून बघितली. मूठ चार इंच, पाते साडेतीन, रुंदी सव्वा.

"तू कधी मोजलं होतंस?"

"मोजलं होतं कधी तरी. घे आणि जा."

दहा वर्षे जो चाकू हातात होता त्याचे माप आईने दोऱ्यावर जपून ठेवले. मला हे सुचले नसते.

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. सकाळी मिरवणूक, अप्पा पांढऱ्या कपड्यांत सर्वांत पुढे. दुपारी घरी बेळगावचे पाहुणे आले होते. जेवताना अप्पांनी त्यांना सांगितले, "चाकू घेऊन गेलाय. जगायला गेलाय." पाहुणे म्हणाले, येईल येईल. पाहुणे हात धुवायला उठले तेव्हा अप्पा ताटातला एकेक दाणा वेचून खात होते. ते पूर्वी असे खात नसत. अण्णा गेल्यावर पहिले चार दिवस ते जेवलेच नव्हते. हवालदार ते बोलला त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली होती.

रविवार, २० एप्रिल

चाकू मिळाला. अक्षयने ग्राइंडरवर घासताना दर मिनिटाला पाण्यात बुडवून पाते जळू दिले नाही. मूठ सागवानी, शिसवी मिळाली नाही. रिवेट पितळेचेच, तीन. कागद धरला की आपल्या वजनाने कापला जातो.

अक्षयनेही तो माझ्या हातात दिला नाही, बाकावर ठेवला.

घरी अप्पांनी तो हातात घेतला आणि किती तरी वेळ परत दिला नाही. "अगदी तोच," म्हणाले.

१ मेची सुट्टी धरून चार दिवस मिळतात. पिशवीत काय घ्यायचे ते लिहून काढले: दोरी, मीठ, काडेपेटी प्लॅस्टिकमध्ये, अण्णाचा फोटो दोन प्रती, चाकू.

रविवार, २७ एप्रिल

शांतपणे लिहितो.

आरुषी रांगायला लागली. पाळण्यात ठरत नाही. अक्काच्या शेजारी रूपा म्हणून आहेत, त्यांचे दिवस भरत आलेत. पाळणा त्यांना द्यायचा ठरला. पाळणा असा घराघरांतून फिरलेला चांगला असतो, असे अक्का म्हणते. अव्वाला तीन दिवस ताप आहे, म्हणून पाळणा उतरवायला मला बोलावले. निघताना अव्वा पांघरुणातून म्हणाली, "गादी त्यांना देऊ नका. गादी माझ्याकडं आण. तशीच आण."

मी हो म्हटले. पण नवनगरला गेल्यावर अक्का म्हणाली, "पोरीनं सकाळी ओली केली गादी. अशी बसमधनं नेतोस? वर गच्चीवर ने, तोंड उसव, कापूस उन्हात घाल. वेखंडही कुजलं असेल." मला बरोबर वाटले. शिवाय नव्या चाकूचे अजून एकही काम झाले नव्हते.

डोक्याकडची शिवण दुहेरी होती, पांढऱ्या दोऱ्याची, बारीक. चाकूचे टोक घातले आणि एकेक टाका तोडला. धार इतकी चांगली की ओढावेही लागले नाही. आत कापूस, कापसात जुन्या लुगड्याच्या कापडाची घट्ट गुंडाळी, तीही शिवलेली. तीही उसवली.

शिसवीची मूठ. पितळेचे तीन रिवेट. पात्यावर गंजाचा पिवळा डाग, नखाएवढा.

मी दोन्ही चाकू गच्चीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवले. माप अगदी बरोबर आले होते.

खालून अक्काने हाक मारली, "काय होतं रे?"

"वेखंडच," मी म्हणालो.

सोमवार, २८ एप्रिल

कामावर गेलो नाही. अप्पा पेन्शनच्या कामाला बँकेत गेल्यावर अव्वाच्या अंथरुणाशेजारी चाकू ठेवला. तिने बघितला. रडली नाही. उठून बसली आणि केस बांधले.

"पाचवीला," म्हणाली. "तुझ्या अप्पांनी काही करू दिलं नाही. सगळ्यांच्या पोरांच्या उशाला काही तरी लोखंड असतं. माझ्या नातीच्याच नको? मामाच्या हातचं लोखंड घरात होतं. मोजून शिवलं, बाहेरनं दिसू नये म्हणून. दोन-तीन महिन्यांनी काढून परत ठेवणार होते. कुणाला कळलंही नसतं."

"अण्णानं विचारलं होतं. आदल्या संध्याकाळी. मी इथंच होतो. मला वाटलं, नंतर सापडला असेल त्याला."

"विचारलं की. 'अव्वा, माझा चाकू कुठाय?' कित्येक दिवसांनी बोलला होता माझ्याशी. अप्पा त्या खुर्चीत बसलेले. मी म्हटलं, मला काय ठाऊक." ती चाकूकडे बघत होती. "मनात म्हटलं, उद्या हे बाहेर गेले की उसवून देते. उद्या तोच नव्हता."

"मग पोलिसांत का नाही सांगितलंस?"

"तुझ्या अप्पांसमोर? आधी लाजेनं नाही सांगितलं. मग तो हवालदार बोलला. त्या दिवशी भाकरी खाल्ली तुझ्या अप्पांनी. सात महिने त्या एका बोलण्यावर जेवतोय माणूस. ते मी कुठल्या तोंडानं काढून घेऊ?"

 ती म्हणाली, "दिला असता तर..." आणि पुढे तिला दोन वाक्ये सुचली असावीत, कारण ती दोनदा थांबली. एकही बोलली नाही.

नंतर तिने मला सुई ओवून मागितली. तिला तापात दिसत नव्हते. गादीचे तोंड तिने पुन्हा शिवले, आत काही न ठेवता.

मंगळवार, २९ एप्रिल

श्रीनिधींच्या हॉटेलात अण्णाने सुरी मागितली, कारण त्याच्याजवळ चाकू नव्हता. एवढेच. एवढ्यासाठी मी दोन पाने लिहिली होती.

तो रिकाम्या हाताने गेला. रिकाम्या हाताने जाणाऱ्याबद्दल हवालदार काय म्हणाला होता ते पहिल्या पानावर आहे. पुन्हा लिहीत नाही.

गुरुवार, १ मे

गेलो नाही. अप्पांना सांगितले की कंपनीने सुट्टी रद्द केली. पिशवीतून मीठ स्वयंपाकघरात परत ठेवले. फोटो डायरीत ठेवलेत.

आधी मी चाकू असलेल्या माणसाला शोधणार होतो. धुराची जागा, तोडलेल्या फांद्या, सोललेली साल, असे काय काय बघायचे ते लिहून ठेवले होते. आता काय बघायचे असते ते मला माहीत आहे. ते मी लिहिणार नाही.

रविवार, ४ मे

अण्णाचा चाकू घरात ठेवायला जागा नाही. अप्पा दिवसभर घरी असतात आणि कुठलाही डबा उघडतात. टाकून द्यावा म्हणून उणकलच्या तळ्यापर्यंत चालत गेलो. हातातून सुटला नाही. परत आणला.

गंज राखेने काढला. थोडे खोबरेल लावले.

मंगळवार, ६ मे

आता तो माझ्या उजव्या खिशात असतो. गेटवर अनुसयाक्कांकडे देतो. त्यांनी डबा उघडून बघितले. "नवा घेतलास काय रे? आधीचा तर चांगला होता की." मी म्हणालो, हा जुना आहे.

मिटत नाही, म्हणून बसताना टोचतो. अव्वाने त्याला जुन्या लुगड्याचेच म्यान शिवून दिले. खिशातून काही दिसत नाही. तो कशालाही वापरत नाही.

नवा स्वयंपाकघरात आहे. अव्वा त्याने कांदा चिरते, कारण चिरला नाही तर अप्पा विचारतील.

सोमवार, १२ मे

बुद्ध पौर्णिमा. वंदनेनंतर विहारातली सात-आठ माणसे घरी खिरीला आली. अव्वा वाढत होती. अप्पा भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या शर्टाची कॉलर मानेपासून दोन बोटे सुटलेली दिसते आता.

कुणी तरी नवीन माणूस होता, गदगचा. त्याने हळूच विचारले, मोठ्या मुलाचे काही कळले का.

"चाकू घेऊन गेलाय," अप्पा म्हणाले. "जगायला गेलाय."

अव्वाची पळी पातेल्यात थांबली.

"स्वतः केलेला चाकू," अप्पा म्हणाले. "प्रशिक, दाखव की त्यांना. तसाच आहे बघा, अगदी त्याच मापाचा. जा, आण."

मी उठलो. उजव्या खिशावर हात ठेवून उठावे लागते, नाहीतर टोचतो. स्वयंपाकघरातून नवा आणला, फडक्याने पुसला आणि गदगच्या माणसापुढे सतरंजीवर ठेवला. त्याने उचलला, अंगठ्यावर धार बघितली, मूठ आवळून बघितली.

"असला चाकू जवळ असला की माणसाला काय होतंय," तो म्हणाला. "काही होत नाही."

अप्पांनी माझ्याकडे बघितले. त्यांची वाटी तोंडाजवळ होती. मी बोलेपर्यंत ते खाणार नव्हते.

"हो," मी म्हणालो. "टिकाऊ असतो."

अप्पांनी खीर संपवली आणि अव्वाकडे अजून थोडी मागितली.